फाटक

मे महिना. माझ्या पाठीवर अजून घामोळ्या,
आणि इथे वाल्दिव्हियात पानगळ संपत आलेली.
चौकातल्या लिंडनची उरलीसुरली पिवळी पानं
फरशीला चिकटलीत, खिशात भिजलेल्या तिकिटांसारखी.
विमानतळावरून आणणाऱ्याला विचारलं,
हा पाऊस थांबतो कधी?
वायपरकडे बघत तो म्हणाला, ऑक्टोबरात.
मी हसले. तो हसला नाही.

कारखान्यातला एक पंप बिघडला होता,
त्याच्यासाठी मी आलेले. माझं कामच पाणी उपसण्याचं.
पंप दोन दिवसांत सुरू झाला,
परतीचं विमान चौथ्या दिवशी.

मग हिंडले. मासळीबाजारामागे नदीच्या कठड्याला
समुद्रसिंह पसरलेले,
वसुलीला येऊन ओसरीवर ठिय्या दिलेल्या सावकारांसारखे.
एक बाई सुरी न थांबवता
माशाचं डोकं मागच्या मागे भिरकवायची.
ते खाली पडलेलं मी पाहिलं नाही.
तिथेच माझी छत्री उलटी झाली.
समुद्र म्हणे पंधरा किलोमीटरवर.
पण वाऱ्याला ते कुणी सांगितलेलं नसावं.

उतरले होते एदेल्मिरा वेंचुमानकडे.
ती दोन ओंडके एकमेकांवर वाजवते, कान देते,
आवाज बद्द आला की एक बाजूला ठेवते: अजून ओलं.
माझ्या बुटांत तिनं कालचं वर्तमानपत्र कोंबलं,
मंत्री, फुटबॉल, हवामान, सगळं,
आणि चुलीजवळ ठेवले.
पावाला मुर्ताचा मुरंबा.
मुर्ता म्हणजे काय ते तिनं हातवारे करून सांगितलं,
मला कळलं ते एवढंच की ते लाल असतं आणि रानात असतं.

रविवारी म्हणाली, चल, हंस दाखवते.
तिच्या मावसभावाची होडी. निबाल्दो. तोंडात विझलेली सिगारेट.
पाऊस इतका बारीक की तो पडत नव्हता, नुसता होता.
एदेल्मिरानं माझीच मोडकी छत्री मिटून हातात घेतली
आणि पाण्यावर दाखवत सुटली:
हे बटाटे.
हे ओट.
इथे गाय बांधायचो, पांढऱ्या कपाळाची.

साठ साली, मे महिन्यातच, रविवारीच,
जमीन हलली, खाली बसली, ती बसलीच.
नदी आत आली. ती सहा वर्षांची होती.
वडिलांना वाटलं, ओसरेल.
बियाणं त्यांनी तीन वर्षं माळ्यावर जपून ठेवलं.
कागद आहेत अजून, म्हणाली, शिक्क्याचे.
मला आपला सातबारा आठवला.
पीकपाण्याच्या रकान्यात काय लिहीत असतील?
पीक नाही. पाणी.

खरं सांगते, मी मनात हिशेब मांडला:
एवढं क्षेत्र, एवढी खोली, किती अश्वशक्ती, किती दिवस.
सवय. मग सोडून दिला.

काळ्या मानेचे हंस माना पाण्यात घालून
खालचं काहीतरी ओढून खात होते,
शेपट्या वर. हंस म्हणून कुणी ओळखू नये असे.

परतताना निबाल्दोनं इंजिन मंद केलं.
सरळ वाट मोकळी असताना
डावीकडे लांब वळसा घातला,
दोन हात रुंदीच्या कसल्याशा जागेतून
होडी हळू काढली, आणि पुन्हा उजवीकडे घेतली.
खडक आहे का खाली? मी विचारलं.
नाही.
मग?
त्यानं सिगारेट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेली.
कुंपण, एदेल्मिरा म्हणाली. फाटक इकडे आहे.
आहे, म्हणाली. माझं स्पॅनिश तीस शब्दांचं,
पण होतं आणि आहे मधला फरक त्यात येतो.

बूट वाळले नाहीत.
आतले कागद काढायला गेले तर तिनं हात धरला,
राहू दे, घरी गेल्यावर काढ.
चपला घालून विमानात बसले.
मांडीवर ओले बूट, त्यांत तिथलं हवामान.