उतरती बोली

अठ्ठावीस वर्षं मी या बंदराचा कवी आहे.
पगार नाही. दर नोव्हेंबरात एक कविता,
त्या वर्षी समुद्रात गेलेल्यांसाठी,
चर्चच्या मागे, वाऱ्याकडे पाठ करून वाचायची.
नंतर कुणीतरी पेला भरून देतं, तेवढंच.

गॅलिसियाच्या या टोकाला
खडकांना नावं आहेत, बहुतेक माणसांचीच.
जो जिथून गेला, तो खडक त्याचा.

मी मरणाचं काय काय केलं नाही?
नावाडी केला, पाहुणा केला,
एकदा तर शिंपी, माप न घेता कपडे बेतणारा.
(ती कविता लोकांना फार आवडली होती.)
आणि शेवटच्या कडव्यात न चुकता पहाट.
पहाट नसेल तर दीपस्तंभ. तोही नसेल तर एखादा पक्षी,
ज्याचं नाव मला ठाऊक नसायचं.

यंदा मार्चात अमारो गेला.
बोटाएवढे, नखं असलेले पर्सेबे खरवडायला
दोरीने खाली उतरला,
आणि सातवी म्हणून मोजलेली लाट
पाचवीलाच आली.

कविता आधी घरच्यांना दाखवायची, अशी रीत आहे.
सबेला लिलावघरातून तशीच आली,
रबरी एप्रनवर खवले, कानामागे पेन्सिल.
उभ्याउभ्या वाचली. मग बसली. मग पेन्सिल काढली.

"समुद्राने कुशीत घेतलं, असं लिहिलंय तुम्ही.
समुद्राला कूस नसते.
ओळख पटवायला मी गेले होते."
एक रेघ.

"तुमच्याकडे मरण नेहमी बरे कपडे घालून येतं.
आमच्याकडे आलं तेव्हा मी कांदा चिरत होते
आणि त्याच्यावर चिडले होते,
नळ दुरुस्त केला नाही म्हणून.
तो नळ अजून गळतोय. तो कुठंय यात?"

मी म्हटलं, कवितेत नळ...
"आणि ही पहाट?
पहाटेच सापडला तो. सव्वासातला.
पहाट काढा."

पहाट काढली.

मग बराच वेळ ती काही बोलली नाही.
बाहेर कुणी मासळीवर टाकायला बर्फ फोडत होतं.

"त्याच्या पायातले बूट शुर्शोचे होते.
त्रेचाळीस नंबर, त्याला एक नंबर मोठे.
एकच सापडला.
मी धुतला, आत कागद कोंबून वाळवला, नेऊन दिला.
शुर्शोने घेतला. एका बुटाचं तो काय करणार,
हे त्यानेही विचारलं नाही, मीही नाही.
दाराशी ठेवलाय त्याने,
शेजारी दुसऱ्यापुरती जागा सोडून.
लिहा हवं तर. नाहीतर राहू द्या."

मी लिहिलं नाही.
लिहिलं असतं तर त्या बुटात मी काहीतरी लावलं असतं,
रोप, नाहीतर चांदणं.
माझा हात मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी चार वाजता लिलावघरात गेलो, उगीच.
आमच्याकडे लिलाव चढत नाही, उतरतो.
मोठ्या आकड्यापासून निघतो आणि घसरत राहतो,
कुणीतरी "माझं" म्हणेपर्यंत.
सबेला पुकारत होती.
पेटीत पर्सेबे, काळे, ओले,
चिठ्ठीवर खडकाचं नाव.
सगळ्यांनी वाचलं.

नव्वद. पंच्याऐंशी. ऐंशी.
कुणी हात उचलेना.
सत्तर. साठ.
तिचा आवाज कुठे अडखळला नाही, एवढंच की
आकडे ती नेहमीपेक्षा सावकाश उतरवत होती,
जिन्यावरून म्हाताऱ्या माणसाला उतरवावं तसे.
एक्केचाळीस.
चाळीस.
मागे कुणीतरी खाकरलं.
कुठलेसे जुने बूट घातलेला शुर्शो
"माझं," म्हणाला.

तिने कानामागची पेन्सिल काढली
आणि पावतीवर त्याचं नाव लिहिलं.

नोव्हेंबरात मी उभा राहिलो, वाऱ्याकडे पाठ करून,
आणि उरली होती तेवढी वाचली.
संपल्यावरही लोक जागचे हलले नाहीत,
पहाटेची वाट बघत होते.
मग कुणीतरी पेला भरला.