ओढ

डाकारसमोरच्या न्गोर बेटावर
पाथे आधी पाण्यात उतरूच देत नाही.
वीस मिनिटं खडकावर बसवतो, नुसतं बघायला:
लाट कुठे फुटते,
आणि कुठे फुटतच नाही.

"तो शांत पट्टा दिसतो ना, गुळगुळीत?
तिथूनच समुद्र माघारी जातो.
माझ्या भावाला ती वाट सोपी वाटली होती."

मग माझ्या घोट्याची दोरी दोनदा खेचून पाहतो.
"ओढली गेलीस तर भांडू नकोस.
किनाऱ्याकडे नाही, आडवी पोह.
फळी सोडू नकोस. हात वर कर.
मी बघत असतो."

आज लाटा देखण्या होत्या.
फळीला मेणही लावून झालं होतं.
पाथेनं वाऱ्याकडे पाहिलं,
खिशातून शेंगदाणे काढले,
निम्मे मला दिले.