चौथा सिलिंडर

रेझेक्नेच्या यार्डात हिवाळाभर ते इंजिन बंद करत नाहीत.
उणे सत्तावीसला एकदा थंड पडलं
की तीन माणसं, दोन बॅटऱ्या आणि अर्धा दिवस शिव्या लागतात.
म्हणून रात्रभर धुगधुगत ठेवायचं,
विस्तव राखेखाली झाकून ठेवावा तसं.

प्रागमध्ये घडलं.
ज्या देशासाठी घडलं तो नकाशावर उरला नाही,
ज्या देशात घडलं तोही नाही.
बिल कुणी भागवलं, कुणाला ठाऊक.
हिरव्यावर तांबडा, त्यावर पुन्हा हिरवा रंग;
कोपरा खरवडला की खाली आणखी एक सरकार निघतं.

आल्यापासून यार्डाबाहेर गेलं नाही.
दोन किलोमीटर रूळ, तेरा सांधे,
बर्चचे ओंडके, पीट, धान्य,
याला त्याच्यामागे लाव, त्याला याच्यापुढून काढ.
घाण्याच्या बैलाला निदान तेल तरी दिसतं.
लांबच्या गाड्या येतात, दम घेतात, निघून जातात.
हे लग्नं जुळवणारं,
वरातीत कधी न दिसणारं.

दर एप्रिलला रीगाहून साहेब येतो,
'नवीन इंजिन येईपर्यंत' असं लिहून
एका वर्षाचा शिक्का मारतो.
असे एकोणीस शिक्के झालेत.
साहेब चार बदलले.

रुळांपलीकडे पाचव्या मजल्यावर तालिवाल्दिस राहतो.
एकतीस वर्षं त्यानं हेच चालवलं,
आता ऐकतो.
सहा सिलिंडर, दादऱ्याच्या सहा मात्रा.
तबल्याची खाली चौथ्यावर येते,
इंजिनाला खाली परवडत नाही.
चौथा जरा दबला की रात्री अडीचला
विज्माच्या टेबलावरचा फोन वाजतो:
"चौथ्याचा इंजेक्टर. ओयार्सला सांग." खट्.
नमस्कार-चमत्कार काही नाही.
ओयार्स आधी चिडतो, मग पाना घेऊन जातो,
मग परत येऊन काहीच बोलत नाही.

या फेब्रुवारीत एका रात्री
चौथा चक्क अडखळत होता,
मुळाक्षरं म्हणणारं पोर ङ पाशी अडावं तसा.
सुराशी वैर असलेल्या विज्मालाही कळलं.
ती फोनकडे बघत बसली.
तीन वाजले. चार.
ओयार्सनंही ऐकलं होतं, पण पाना उचलला नाही.
आपणहून उचलला तर म्हातारा गेला असं ठरेल,
असलं काहीतरी त्याच्या मनात.

सहाला, अंधारातच, फाटकाशी बेकरीवाली स्काइद्रीते.
बाह्यांना पीठ, हातात कागदी पिशवीचा तुकडा.
"इथं सिलिंडर कुणाचा आहे?
रात्रीतून पाच वेळा फोन. मी म्हणते नंबर चुकला,
तो ऐकतच नाही, पुन्हा पहिल्यापासून.
मग मी आपलं लिहून घेतलं."
पिठाळ अक्षरांत: चौथा. इंजेक्टर. ओयार्स.

विज्मा पाच मजले चढून गेली.
दार उघडंच होतं.
नाताळानंतर कान गेले, तो म्हणाला, दोन्ही.
नंबर बोटांनाच पाठ होता, आणि बोटं आता अशी.
मग कळलं कसं, तिनं खुणेनं विचारलं.
त्यानं तिचा हात धरून
खिडकीच्या काचेवर ठेवला.
आधी नुसता गारठा. मग, बऱ्याच वेळानं,
एक, दोन, तीन,

पाच, सहा.

खाली ओयार्स पाना घेऊन निघाला होता,
खिशात कोंबलेल्या गरम पावाची वाफ निघत होती.
सात नंबरवर पीटचे चौदा डबे खोळंबलेले,
आणि आठ नंबरवर, ताडपत्रीखाली,
बॅटरीवरचं नवं इंजिन.
त्याचा कुठला तरी एक भाग ऑक्टोबरपासून यायचा आहे.
जागेवरून हलवायचं झालं
तर हेच हलवतं त्याला.