स्वभावचित्र : चार गुण

प्रश्न तिसरा, ब. धड्यातील तुम्हाला आवडलेल्या
कोणत्याही एका पात्राचे स्वभावचित्र रेखाटा.
एकेचाळीस पेपर. एकेचाळीस वेळा थोरला भाऊ :
करारी, स्वाभिमानी, वरून कठोर, आतून प्रेमळ.
गाईडातला फणस, सगळ्यांनी एकाच सुरीनं कापलेला.

बेचाळिसावा शिवलीला कम्मारचा.
घरी कन्नड, शाळेत मराठी,
बाप नंदगडच्या रस्त्याला वेल्डिंग करतो.
तिनं लिहिलंय :
"मला चहा आणणारी बाई आवडली.
तिला नाव नाही.
वाटणीचं भांडण चाललेलं असताना ती येते,
दोन कप ठेवून सोडते
आणि एकाच कपात साखर ढवळते.
म्हणजे तिला ठाऊक आहे
कोण गोड खात नाही, आणि कधीपासून.
भावाभावांना एकमेकांचं एवढंही ठाऊक नाही, सर.
वाटणी तिला विचारून करायला पाहिजे होती."

एकोणीस वर्षं शिकवतोय हा धडा.
पुस्तक उघडलं. पान सत्तेचाळीस, खालून चौथी ओळ.
आहे. साखर आहे.
एकाच कपात.

'ठेवून सोडते'खाली लाल रेघ ओढली,
कन्नडातून आलेलं, प्रमाण नव्हे.
आई म्हणायची, जेवून सोड, झोपून सोड.
लाल पेनाची रेघ खोडता येत नाही.

पात्र. कन्नडातही पात्रच म्हणतात.
स्टाफरूमच्या खिडकीतून मलप्रभेचं दिसतं, मार्चातलं :
वाळू, दगड, कुणाचं तरी वाळत घातलेलं धुणं.
लहानपणी या वाळूत हातानं झरा उकरायचो.
कोपरभर गेलं की आधी गढूळ यायचं,
थांबलं तर नितळ.
वर्गात मी थांबलोच नाही कधी.
फळ्यावर 'मध्यवर्ती कल्पना', दोन ओळी,
की घंटा.

नमुना उत्तरात ही बाई नाही.
तीन स्वभावविशेषांना तीन गुण, भाषेला एक.
चारपैकी चार दिले.
वर तपासणाऱ्यांना काय सांगायचं,
म्हणून समासात लिहिलं : पान ४७ पाहावे.

यल्लव्वा चहा कधी ठेवून सोडून गेली, कळलं नाही.
ट्रेत सगळ्यांचे पाच कप,
माझा वेगळा, बशीनं झाकलेला.
प्यालो.
साखर नव्हती.
रक्ताचा रिपोर्ट आल्याचं
या शाळेत मी अजून
कुणालाच सांगितलेलं नाही.