मरय

सुपडू भोईनं टोपलीतून मरळ उचलून दाखवली.
तो तिला मरय म्हणतो.
माझी आईही केळीला केयी म्हणे, डोळ्याला डोया.
फैजपूरच्या शाळेत मास्तरांनी
छडीनं घासून घासून
माझ्या य चा ळ केला.

भुसावळच्या खाली, राखेचा नाला तापीत उतरतो तिथं
पाणी उन्हात कालवलेल्या सिमेंटसारखं दिसतं.
शेपटीजवळ सुई. एक थेंब.
काचेवर पसरते, वाळवते, नंबर टाकते.
सुपडू बिडी विझवत विचारतो,
"हिले शुगर हाये का, बाई?"

माशाच्या लाल पेशीलाही केंद्रक असतं.
रात्री भिंगाखाली दिसतं,
त्या केंद्रकाच्या कडेला एक बारका ठिपका,
यार्डात गाडीपासून सुटून राहिलेल्या डब्यासारखा.
हजार पेशींत एखाददुसरा असतोच.
मी एकोणीस मोजले.
चहा केला, पुन्हा मोजले. एकोणीस.

ठिपक्यांचं एक वेळ सोसेन.
पुण्याहून चाळीस मरळींचा अहवाल आला
आणि अक्षरांच्या रांगा एकीखाली एक
नक्कल केल्यासारख्या.
ज्यांचं अक्षर वेगळं होतं
त्यांची पिल्लं त्या राखेत तगली नाहीत.
सर म्हणाले, उरलेत ते पक्के आहेत.
पक्के, हो.
उद्या एखादा रोग येईल
आणि त्याला सगळ्या घरांना मिळून
एकच किल्ली पुरेल.

सुपडूला हे सांगावं कसं, या विचारात होते.
त्यानं जाळं झटकलं, म्हणाला,
"आंधी कोनाले पट्टे, कोनी काया, कोनी पिवया.
आता पाहा. सारे एका साच्यातले."
मला दोन वर्षं लागली होती.

अक्षर बदलतं, त्यात काही पाप नाही.
आमचा ळ कधी य झाला कुणाला आठवतं?
पाळण्यापाशी झाला असेल, चुलीपाशी,
हाका मारता मारता.
कुणी नळीनं ओतला नव्हता.
आणि केयी म्हटलं तरी
केळी कळत होती.

मरळ पाण्यात सोडली.
सुपडूच्या हाताला राख, माझ्या हातमोज्याला राख.
रजिस्टरात नावाच्या रकान्यात
सवयीनं मरळ लिहिलं,
मग खोडून मरय.
सर लाल शाई मारतील.
मारू देत.
या काठावर एक अक्षर तरी
वेगळं असू दे.