रिकामी साखरदाणी

शेफील्डच्या संग्रहालयात काचेआड एक साखरदाणी.
सव्वादोनशे वर्षांपूर्वी कुणा बाईनं
ती मुद्दाम रिकामी ठेवलेली:
गुलामांनी पिकवलेली साखर
या घरात नको.

"म्हणजे नुसता बिनसाखरेचा चहा प्यायच्या?"
कॅलम हसला.
थॅकरेबाईंनी उत्तर दिलं नाही. बस सुटत होती.

शनिवारी गारठा. वस्तीतलं वाचनालय बंद होणार,
तो अर्ज घेऊन दारोदार.
अकरा दारं. चार सह्या, एक चवताळलेला कुत्रा.
बाराव्या दारातले म्हातारे म्हणाले,
"माझ्या एका सहीनं काय होणार?"

कॅलमला सांगता येईना.
साखरदाणी आठवली,
तिच्या तळाशी एकही कण नव्हता.
थंडीनं पेन उठत नव्हतं;
तळहातावर घासून घासून
त्यानं ते पुढे धरलं.