डाव्या पायाचं माप

पापाच्या तिकटीला दुकान आहे,
आबांचं. मी नुसता बसतो.
लाल बांधणीची एक वही आहे त्यात,
पेन्सिलीनं काढलेली गावभरची पावलं.
पान एकेचाळीस : केरबा शिंत्रे.
खाली आबांचं अक्षर, 'नाटकवाला. उधार.'

डावी करंगळी रेघेच्या बाहेर गेलेली.
गंगावेशीत धारेच्या वेळी
म्हशीनं पाय दिला होता, लहान असताना.

पहिला जोड त्यानं सरदाराच्या कामासाठी नेला.
"तुकाप्पा, वाजली पायजे.
मी विंगेत असतानाच
शेवटच्या बाकड्याला कळलं पायजे कोण येतंय."
आबांनी तळाच्या दोन थरांत विंचवाचं बी घातलं.
वीस वर्षं जत्रेजत्रेच्या तंबूत
केरबा आधी ऐकू आला,
मग दिसला.

पुढं स्टुडिओत काम लागलं.
नाव झालं कुमार कमलाकर.
पहिल्याच दिवशी साउंडवाला ओरडला,
"कोण करकरतंय? काढा त्या चपला!"
तेव्हापासून सिनेमात तो अनवाणी.
पाटील असो, फौजदार असो,
वर फेटा, मिशीला पीळ,
खाली फरशीचा गारठा.
चौतीस सिनेमे.
कॅमेरा गुडघ्याखाली उतरला नाही.

एकदा उतरला.
मुंबईच्या हिरोला आमच्या चपला घालून चालता येईना,
बदकासारखा फताडा पडायचा.
दिग्दर्शक म्हणाला, कमलाकर, जरा पाय द्या.
दिले.
दगडी पायऱ्या, धुरळा, आणि पडदाभर दोन पावलं.
चेहरा दुसऱ्याचा, पुढच्या शॉटमध्ये.
थेटरात आबा खुर्चीवरनं उठले,
"आयला, करंगळी बघा की! केरब्याचा पाय हाय त्यो!"
मागच्यांनी शर्ट ओढून खाली बसवलं.
केरबा शेजारीच होता. बोलला नाही.
मध्यंतरात त्यानं आम्हा सगळ्यांना सोडा पाजला,
पैसे आबांनी दिले,
तेही वहीत लिहिलेत.

मग साखर.
सीपीआरला डावा पाय घोट्यावरनं काढला.
कुणी मंडळवाले शाल देऊन गेले,
भर मे महिन्यात.
दिवाळीच्या आधी तो रिक्षातून आला.
आबा नव्हते तोवर.
"एकच कर," म्हणाला, "उजवी. निम्मे पैसे घे."
मी म्हटलं, काका, एकटी चप्पल करायला हात वळत नाही,
आबांनी जोडच शिकवलाय.
तो वहीतल्या पानाकडं बघत राहिला,
करंगळीवरनं बोट फिरवलं.
"मग कर दोन. पण वाजणारी कर."

उजवी घालून निघाला.
कुबडी, करकर.
कुबडी, करकर.
समोरचा भांडीवाला पातेल्यात डोकं घालून बसलेला,
वर न बघताच म्हणाला,
"कोण आलंय रं?"
केरबा थांबला.
रिक्षा पाच पावलांवर होती,
तो भांडीवाल्याच्या दुकानाला वळसा घालून गेला.

डावी अजून खिळ्याला आहे.
गिऱ्हाइकं विचारतात, हिचा जोड कुठाय.
पावसाळ्याच्या तोंडाला एरंडेल लावतो तिला,
नाहीतर कातडं धरतं.
वहीतली उधारी खोडायची राहिलीय,
खोडू कशी, पाऊल त्याच पानावर आहे.
दुपारी रस्ता रिकामा असला
की अंगठ्यानं तळ दाबून बघतो.
वाजती अजून.